बेघरांसाठी निवारा उभारताना: रात्रीच्या सर्वेक्षणापासून स्वतःच्या खोलीपर्यंत

निवाऱ्यात खाटा रिकाम्या आणि हाकेच्या अंतरावर माणसं फूटपाथवर झोपलेली, हे चित्र महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत दिसतं. त्यावर ‘या लोकांना यायचंच नसतं’ असं म्हणून विषय संपवला जातो. ते बरोबर नाही. न येण्यामागे त्यांची कारणं असतात आणि ती बहुतेक वेळा रास्त असतात. मजूर अड्डा लांब पडतो. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. हातगाडी ठेवायला जागा नसते. सामान चोरीला जातं, ढेकूण चावतात. आधार कार्ड मागतात. पोलीस पकडून भिक्षेकरीगृहात धाडतील अशी भीती असते, आणि सकाळी सहाला बाहेर काढतात. नवा निवारा उभारताना जागा, भिंती, नियम आणि माणसं ठरवताना प्रत्येक वेळी हीच यादी समोर ठेवायची. हा लेख महाराष्ट्रातल्या महानगरपालिका, नगरपरिषदा आणि त्यांच्यासोबत निवारा चालवू पाहणाऱ्या संस्थांसाठी आहे. कार्यकर्ते आणि नगरसेवकांनाही तो उपयोगी पडावा.

आधी कायद्याची बाजू

निवारा हा कुणाच्या दयेचा विषय नाही, हे पालिकेशी पहिल्या बैठकीत बोलताना ठामपणे मांडता आलं पाहिजे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिल्लीच्या थंडीतल्या मृत्यूंची दखल घेतली. पुढे मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि वर्षभर चालणारा हवा, असा आदेश दिला. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. त्यातले निकष आजही हाताशी धरावेत असे आहेत: लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. केंद्र-राज्याचा निधी कोणत्या वर्षी, कोणत्या नावाने आणि किती येईल हे बदलत राहतं. म्हणून पालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात निवाऱ्यासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडून घ्या. ते नसेल तर उद्घाटनानंतर दोन वर्षांनी वीजबिल कुणी भरायचं यावरून निवारा बंद पडतो.

२०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर मोजले. मुंबईत सुमारे ५७ हजार. प्रत्यक्ष आकडा याहून बराच जास्त असावा असं या क्षेत्रात काम करणारे मानतात. कारण एका रात्रीच्या मोजणीत कुलूपबंद दुकानाच्या मागे झोपलेली बाई सापडत नाही.

पायरी पहिली: रात्री फिरा, मग दिवसा

सर्वेक्षण रात्री दहानंतर सुरू करायचं आणि पहाटेपर्यंत चालवायचं. एसटी स्टँड, रेल्वे स्थानकाबाहेरचा परिसर, उड्डाणपुलाखालची जागा, सरकारी रुग्णालयाचं आवार, मार्केट यार्ड, मंदिर-दर्ग्याभोवतालच्या गल्ल्या, नदीचा घाट, कचरा डेपोचा रस्ता ही ठिकाणं आधी नकाशावर मांडा. वॉर्डातला सफाई कामगार, रात्रीचा चहावाला आणि रेल्वेचा हमाल यांना विचारून यादी पक्की करा. या तिघांना जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही कार्यालयाला नसतं. झोपलेल्याला उठवायचं नाही. तोंडावर टॉर्च मारायची नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही. पोलिसांना कल्पना जरूर द्या, पण त्यांना सोबत नेऊ नका. गणवेश दिसला की माणसं उठून निघून जातात आणि पुन्हा त्या जागी दिसत नाहीत.

फॉर्म एका पानाचा ठेवा. एकटा आहे की कुटुंबासोबत, काम काय करतो, किती काळ इथे आहे, तब्येतीचं काय, आणि शेवटचा प्रश्न: निवारा मिळाला तर येशील का, नसशील येणार तर का? या शेवटच्या उत्तरांवरच पुढचा सगळा आराखडा बेतायचा आहे, म्हणून ती ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून घ्या. चौकटीत टिक करून भागणार नाही.

एकदा पावसाळ्यात आणि एकदा कोरड्या दिवसांत फिरा. दोन्ही वेळी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. शिवाय सकाळी मजूर अड्ड्यावर जा. तिथे उभ्या असलेल्यांपैकी कितीजण रात्री छपराखाली झोपले होते हे विचारलं की शहराचं दुसरंच चित्र दिसतं. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर तर गावाकडे पक्कं घर असलेली माणसंही दिसतात. रुग्ण आत आणि नातेवाईक महिनोन्‌महिने बाहेर. गाडगेबाबांनी दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ सांगितला, आणि त्यांच्या नावाने मुंबईत दादरला उभी असलेली धर्मशाळा कर्करुग्णांच्या अशाच नातेवाइकांना आधार देत आली आहे. या गटाची गरज निराळी आहे. त्यांना दीर्घ मुदतीच्या निवाऱ्यात घालू नका, त्यांच्यासाठी रुग्णालयाशी वेगळी व्यवस्था लावा.

पायरी दुसरी: कोणासाठी, हे आधी ठरवा

‘सर्वांसाठी एक निवारा’ ही कल्पना कागदावर सोपी दिसते आणि चालवताना मोडते. रोज कामावर जाणारे एकटे पुरुष, एकट्या बाया आणि त्यांची मुलं, पूर्ण कुटुंबं, आजारी आणि वृद्ध, मानसिक आजार असलेली माणसं, तृतीयपंथी व्यक्ती, या प्रत्येक गटाची गरज वेगळी. छोट्या शहरात एकच इमारत मिळणार असेल तर निदान प्रवेशद्वारं, जिने आणि न्हाणीघरं वेगळी काढा.

माझं मत असं की पहिला निवारा कुटुंबांसाठी किंवा बायकांसाठी करावा. पुरुषांची संख्या जास्त असते हे खरं. पण पुलाखाली मुलीला घेऊन झोपणाऱ्या बाईला रात्रभर जागं राहावं लागतं, आणि कुटुंबांसाठीचे निवारे तर अगदीच थोडे आहेत.

एकटं मूल सापडलं तर त्याला मोठ्यांच्या निवाऱ्यात ठेवता येत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर नेणं कायद्याने बंधनकारक आहे.

पायरी तिसरी: जागा

जागेच्या बाबतीत एकच कसोटी मी महत्त्वाची मानतो: माणसं आज जिथे झोपतात तिथून चालत यायला किती वेळ लागतो? वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर निवारा रिकामा राहील. कचरावेचक बाई पहाटे चारला निघते, हमालाला पहिली गाडी गाठायची असते, भिकारी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या म्हाताऱ्याचं पोट देवळाच्या पायरीवर चालतं. शहराबाहेरची मोफत एकरभर जमीन त्यांच्या कामाची नाही.

नवं बांधकाम करण्याआधी पालिकेच्या मालमत्ता विभागाकडून रिकाम्या वास्तूंची यादी मागवा. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळा, जुनी प्रसूतिगृहं, मंडईचा न वापरलेला वरचा मजला, समाजमंदिरं यांत बरंच काही सापडतं. बंद शाळा यात सर्वांत चांगली. वर्गखोल्या हवेशीर असतात, व्हरांडा असतो, आवार असतं, संडासांची रांग आधीपासून असते. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, झाल्याशिवाय एक वीटही हलवू नका. नदीकाठच्या शहरांत, म्हणजे सांगली, कोल्हापूर, पुणे, नाशिक इथे, पाटबंधारे विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेत जागा येते का ते आधी तपासा. पुराच्या दिवसांत निवाऱ्यातल्याच माणसांना हलवायची पाळी यायला नको.

लोखंडी कंटेनर किंवा पोर्टाकेबिन आणून महिनाभरात निवारा उभा करावा असा आग्रह अलीकडे होतो. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत कॅलिफोर्नियात, तात्पुरत्या घरांसाठी अशी तयार खोपटी वापरतात आणि तिथे प्रत्येकाला स्वतःचं दार मिळतं, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उघड्यावरचा पत्र्याचा डबा राहण्यालायक नसतो. वापरायचाच असेल तर उष्णतारोधक थर, वर वेगळं छप्पर, समोरासमोर खिडक्या आणि जमिनीपासून उंच चौथरा हवाच. त्याचा खर्च धरला की जुन्या शाळेची दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते.

शेजाऱ्यांचा विरोध होईल, हे गृहीत धरा. जाहीर सभा घेण्याआधी सोसायटीचे पदाधिकारी, दुकानदार, गणेश मंडळाची पोरं यांना गाठून बोला. त्यांचे प्रश्न सहसा तीनच असतात: घाण, दारू आणि मुलींची सुरक्षितता. प्रत्येकाला ठोस उत्तर द्या. कचरा कधी उचलला जाईल, दारात रात्री कोण असेल, तक्रार कुठल्या फोनवर करायची. ‘समाजसेवा आहे, सहकार्य करा’ एवढ्याने कुणाचंच समाधान होत नाही, आणि व्हायचं कारणही नाही.

पायरी चौथी: आतली रचना

५० जणांना झोपायला-वावरायला २,५०० चौरस फूट लागतात. स्वयंपाकघर, कार्यालय, आजारी माणसाची वेगळी खोली, न्हाणीघरं, जिने धरून ४,००० चौरस फुटांचा हिशेब करावा. पाणी माणशी १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा मान्य निकष आहे. म्हणजे ५० जणांना दिवसाला ६,७५० लिटर. नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर टाकी दुप्पट हवी. पाणी कमी पडलं की पहिल्यांदा संडास बिघडतात, आणि संडास बिघडले की माणसं परत पुलाखाली जातात.

दहा माणसांमागे एक संडास आणि एक मोरी, याहून कमी करू नका. आतून लागणारी कडी, आत उजेड, बायकांच्या बाजूला झाकणाची कचरापेटी आणि कपडे वाळवायला आडोसा असलेली जागा हवी. एक संडास कमोडचा आणि भिंतीला दांडा असलेला ठेवा. प्रवेशाला पायऱ्या असतील तर उतार करा, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा.

मोठ्या हॉलमध्ये पन्नास खाटा ओळीने मांडू नका. पाच फुटांच्या अर्ध्या भिंती घालून चार-चार खाटांचे कप्पे करा. वरून वारा खेळतो, तरीही माणसाला आपला कोपरा मिळतो. कुटुंबांसाठी पूर्ण उंचीची भिंत आणि आतून बंद होणारं दार हवं. खाटा लोखंडी घ्या, लाकडी नको. लाकडाच्या सांध्यांत ढेकूण घर करतात. गाद्यांना रेक्झिनचं कव्हर, वर धुता येणारी चादर. प्रत्येक खाटेजवळ मोबाइल चार्जिंगचा पॉइंट द्या, कारण मजुराचं काम फोनवर येतं.

आणि लॉकर. पूर्ण निवाऱ्यात पैसे वाचवायची वेळ आली तर टीव्ही काढा, रंग साधा लावा, पण लॉकर काढू नका. रस्त्यावर राहणाऱ्याचा दिवसाचा मोठा भाग गाठोडं सांभाळण्यात जातो. ते सोडून कामाला जाता येत नाही. रुग्णालयाच्या रांगेत उभं राहता येत नाही, तहसील कार्यालयात जाता येत नाही. लॉकर खोल, उभा आणि हवेशीर हवा. कुलूप त्याचं, किल्ली त्याच्याकडे. त्याचबरोबर आवारात हातगाडी, सायकल आणि भंगाराच्या पोत्यांसाठी तारेचं कुंपण घातलेली जागा राखा. कुणासोबत कुत्रा असेल तर त्यालाही तिथे बांधता यावं. कुत्र्याला सोडून ये म्हटलं तर माणूसही येत नाही.

आगीसाठी दोन स्वतंत्र बाहेर पडायचे मार्ग, अग्निशामक नळकांडी आणि गॅस सिलिंडर इमारतीबाहेर जाळीत. रात्री कोणतंही बाहेरचं दार आतून कुलूपबंद असता कामा नये.

पायरी पाचवी: माणसं आणि पैसा

इथे सर्वाधिक निवारे कोलमडतात. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्याचा खर्च वर्षाला ६ लाख रुपये धरला होता. म्हणजे महिन्याला ५० हजार, माणशी १ हजार. एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक यांना किमान वेतन द्यायचं म्हटलं तरी आज ही रक्कम पुरत नाही. वीज, साबण, फिनेल, धुलाई, औषधं बाजूलाच राहिली. म्हणून पालिकेशी करार करण्याआधी खरा खर्च मांडा आणि तुटीची रक्कम कोण देणार हे करारातच लिहून घ्या. ‘देणग्या मिळवू’ असं मोघम उत्तर देणाऱ्या संस्थेने निवारा घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन. पालिकेकडून हप्ते उशिरा येतात हे गृहीत धरून निदान सहा महिन्यांचे पगार हाताशी असायला हवेत.

तीन पाळ्यांना तीन माणसं पुरत नाहीत. साप्ताहिक सुट्टी आणि आजारपण धरलं तर चौथा माणूस लागतोच. बायकांच्या निवाऱ्यात सर्व पाळ्यांना बायाच हव्यात. काळजीवाहक निवडताना जो स्वतः कधी रस्त्यावर राहिला आहे त्याला प्राधान्य द्या. दारात आलेल्या माणसाच्या पहिल्या वाक्यावरून त्याला जे कळतं ते पदवीधराला कळायला वर्ष जातं. या चौघांखेरीज एक समाजकार्यकर्ता पूर्ण वेळ हवा. तो नसेल तर निवारा नुसता मुक्कामाचा अड्डा होतो.

पायरी सहावी: नियम

नियम थोडे ठेवा आणि ते राहणाऱ्यांसोबत बसून ठरवा. पहिल्या रात्री कोणतंही ओळखपत्र मागायचं नाही. नाव आणि गाव विचारा, सांगेल ते लिहा. दार चोवीस तास उघडं. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपता आलं पाहिजे. दारूच्या बाबतीत वासावर बंदी घालू नका, वागण्यावर घाला. पिऊन आलेला माणूस गुपचूप झोपत असेल तर झोपू द्या, मारामारी केली तर त्या रात्रीपुरतं बाहेर. आवारात पिणं मात्र पूर्ण बंद. कायमची बंदी फक्त हिंसा आणि लैंगिक त्रासासाठी, तीही व्यवस्थापन समितीच्या निर्णयाने. काळजीवाहकाच्या मर्जीवर कुणाचंही अंथरूण काढता कामा नये. समितीत राहणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असावेत आणि त्यांतली एक बाई असावी.

राहण्याचं शुल्क घेऊ नये असं मला वाटतं. कमावत्या माणसाकडून पैसे घ्यायचेच तर ते त्याच्याच नावाने बचत खात्यात टाका. पुढे खोलीच्या डिपॉझिटला तेच उपयोगी पडतात.

पायरी सातवी: निवाऱ्यात आल्यानंतरचं काम

पहिल्या आठवड्यात तब्येत. पालिकेच्या आरोग्य केंद्राशी ठरावीक वार बांधून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासा. पायाच्या जखमा, रक्तक्षय, मधुमेह, दृष्टी बघा. खरूज निघाली तर एकट्यावर उपचार करून उपयोग नसतो, त्या कप्प्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध आणि सगळे कपडे गरम पाण्यात.

मानसिक आजार असलेल्या, बोलण्याच्या मनःस्थितीत नसलेल्या माणसाच्या बाबतीत २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा माहीत हवा. रस्त्यावर भटकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेण्याची जबाबदारी त्या हद्दीच्या पोलिसांवर आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथून बरा होऊन परतणाऱ्यासाठी निवाऱ्यात दोन-तीन खाटा राखून ठेवा, कारण औषध चुकलं की सगळी मेहनत वाया जाते. सल्ल्यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा आहे. वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७.

त्यानंतर कागदपत्रं. सुरुवात आधारपासून करा. पण ‘आधार नाही’ म्हणणाऱ्याचं आधार बहुधा काढलेलं असतं, फक्त हरवलेलं असतं. नवीन नोंदणी केली तर ती दुबार म्हणून फेटाळली जाते. आधी केंद्रात नेऊन बोटांच्या ठशांवरून जुनं मिळतंय का बघा. खरोखरच नसेल तर आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यातलं, फोटो असलेलं प्रमाणपत्र नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीने चालतं. ते तीन महिनेच वैध असतं, तेव्हा सही घेतल्या आठवड्यातच केंद्र गाठा. मग बँक खातं आणि शिधापत्रिका. मतदार यादीसाठी बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री प्रत्यक्ष येऊन तो माणूस तिथे झोपतो याची खात्री करतो. हे काम जरूर करून घ्या. मतदार यादीत नाव असलेल्या माणसाकडे नगरसेवक वेगळ्या नजरेने बघतो.

निराधार अनुदानासाठी ६५ वर्षांखालच्यांना संजय गांधी योजना, त्यापुढच्यांना श्रावणबाळ. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य. वास्तव्याचा दाखला हीच खरी अडचण. जुने दवाखान्याचे केसपेपर, मुलांच्या शाळेचे दाखले, पोलिसांची जुनी पावती, जे मिळेल ते गोळा करून तलाठ्याकडे स्वतः सोबत जा. माणसाला एकटं पाठवलं तर त्याला दारातूनच परत लावतात.

घरच्यांशी संपर्क करायचा का, हा निर्णय त्याचा. घर सोडण्यामागे मारहाण असेल तर आपण उत्साहाने केलेला एक फोन त्या बाईच्या जिवावर बेतू शकतो.

पायरी आठवी: बाहेर पडण्याची वाट

निवारा तात्पुरता असतो, म्हणून प्रत्येकाचा पुढचा टप्पा पहिल्या महिन्यातच लिहून काढा. कमावता तरुण असेल तर तिघा-चौघांत भाड्याची खोली. कुटुंब असेल तर वस्तीत स्वतंत्र खोली. थकलेला म्हातारा असेल तर वृद्धाश्रम, नाहीतर तिथेच दीर्घ मुक्काम. सहा महिने किंवा वर्ष अशी सरसकट मुदत घालून बाहेर काढू नका. मुदत संपली म्हणून बाहेर पडलेला माणूस पुन्हा त्याच पुलाखाली सापडतो.

खोली मिळवताना आडवं येतं ते डिपॉझिट. भाडं बहुतेकांना झेपतं. म्हणून संस्थेने छोटा फिरता निधी उभारावा. त्यातून बिनव्याजी डिपॉझिट द्यायचं, खोली सोडली की ते परत निधीत. घरमालकाला संस्थेचा फोन नंबर द्या. काही बिघडलं तर बोलायला कुणीतरी आहे एवढ्यावर तयार होणारे मालक भेटतात. खोलीत गेल्यावर स्टोव्ह, दोन भांडी, बादली आणि गादी द्यायला विसरू नका.

उद्घाटन मेच्या शेवटी धरा. महाराष्ट्रात पहिला पाऊस पडला की माणसं स्वतःहून छप्पर शोधू लागतात. सुरुवातीला पंधरा-वीस जणांनाच घ्या. त्यांच्यासोबत पाणी, जेवण आणि रात्रपाळीची घडी बसली की महिन्याभराने खाटा वाढवा. दरमहा पालिकेला जो अहवाल जातो त्यात किती खाटा भरल्या याच्या शेजारी आणखी दोन रकाने काढून घ्या: या महिन्यात स्वतःच्या खोलीत किती जण गेले, आणि सहा महिन्यांपूर्वी गेलेल्यांपैकी किती जण अजून तिथेच आहेत. दुसऱ्या रकान्यासाठी समाजकार्यकर्त्याला महिन्यातून एकदा प्रत्येक खोलीवर जावं लागेल. त्याच्या प्रवासभत्त्याची रक्कम करारातच धरून ठेवा.